पावणेचव्वेचाळीस फुटी कोंबडी

खर्ड्याच्या छगन मिस्तरींनी तीस वर्षांचं शोभेचं दारूकाम एका कोंबडीपायी सोडलं, ही बातमी कानिफनाथला टीव्हीवर कळली. बातम्यांत नव्हे. बातम्यांत असल्या महत्त्वाच्या गोष्टी कधीच देत नाहीत. ही बातमी स्वतः मिस्तरींनी दिली, आपल्या ओसरीवर बसून, डोक्याला टॉवेल गुंडाळून, कॅमेऱ्याकडे सरळ बघत. सांगून झाल्यावरही ते बराच वेळ तसेच बघत राहिले, कारण कॅमेरा बंद करणारा पुतण्या चहा प्यायला आत गेला होता.

"कानिफ," मिस्तरी म्हणाले होते, "तुजी कोंबडी बगितली. आठ येळा बगितली. मी आजवर मोर केला, धबधबा केला, चक्रावरचा नाग केला. पन माजा मोर जाग्याव हुबा ऱ्हातो. तुजी कोंबडी चालती. चालती, थांबती, वाकून दाना टिपती, आन मान वाकडी करून बगती. कुनाकडं बगती? माज्याकडं बगती. मला म्हन्ली, छगन, बास कर आता. म्हनून मी बास केलं. नळं भरायचे साचे गावातल्या सहादेवला देऊन टाकले, आन यंदाच्या जत्रंचं काम मी घेत न्हाई म्हनून गावाला सांगून टाकलं."

चौकटीच्या बाहेरून त्यांच्या बायकोचा, साळूबाईंचा आवाज आला, "आन माज्या गुडघ्याचं सांगा की."

"सांगतो. हिचा गुडघा तसाच हाय."

राहुरीतल्या एका शूटिंग स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून कानिफनाथनं हे ऐकलं आणि त्याला पहिला प्रश्न पडला तो असा, की कुठली कोंबडी?

कानिफनाथ सव्वीस वर्षांचा होता आणि लग्नांच्या शूटिंगमध्ये लाईट धरायचं काम करायचा. मालक कॅमेरा धरायचा, कानिफनाथ हॅलोजन. पंचक्रोशीतल्या दीडेकशे नवरदेवांना घाम त्यानंच फोडला होता. दुपारी मालक घरी जाऊन झोपायचा, आणि तेवढ्या वेळात स्टुडिओतला व्हीसीआर, टीव्ही आणि पंखा ही सगळी इस्टेट कानिफनाथच्या ताब्यात यायची.

त्याला वेड होतं आतषबाजीचं. जत्रेत, लग्नात सोडतात ते शोभेचं दारूकाम. आणि या वेडाचं एक मंडळ होतं. मंडळात माणसं तीन, आणि तिघांनीही चार वर्षांत एकमेकांना पाहिलं नव्हतं. म्हणजे पाहिलं होतं, पण काचेआडून.

सुरुवात जामखेडच्या एका लग्नात झाली. वरातीला दारूकाम होतं आणि त्यात एक असा हिरवा रंग उडाला की कानिफनाथच्या हातातला लाईट नवरीवरून सरकून व्याह्याच्या टकलावर स्थिरावला. दारूकाम करणारा माणूस दोनशे पावलांवर अंधारात होता. दुसऱ्या दिवशी कानिफनाथनं पत्ता मिळवून कार्ड टाकलं, 'तो हिरवा कसा केला?' छगन मिस्तरींना लिहायचा कंटाळा. त्यांनी उत्तरादाखल कॅसेटच पाठवली. आधी वीस मिनिटं आतषबाजी, मग मिस्तरी स्वतः, हिरव्याबद्दल एक अक्षर न बोलता म्हशीच्या बाळंतपणाबद्दल सगळं सांगताना.

तिसरा मेंबर भीमराज. तो पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीच्या अलीकडं, पाणलोटाच्या कामावर बांधबंदिस्ती मोजायचा. त्याची भरती एसटीनं केली. कंडक्टरनं एकदा नगरच्या स्टँडवर कॅसेटचं पुडकं चुकीच्या माणसाच्या हातात दिलं. त्या माणसानं घरी नेऊन ती पाहिली, पुढच्या कोऱ्या जागेत आपल्या गावच्या आतषबाजीचं शूटिंग भरलं, त्यामागं 'जय भीम मंडळी, छत्तीस बाण मोजले, पस्तीस उडाले' असा अहवाल जोडला आणि पुडकं पुढं रवाना केलं. असा माणूस मंडळाबाहेर ठेवणं शक्यच नव्हतं.

तेव्हापासून कॅसेट फिरत होती. राहुरीहून पारनेर, पारनेरहून खर्डा, खर्ड्याहून परत राहुरी. नियम एकच, आधी आतषबाजी, मग सुखदुःख. भीमराजचं गळकं छप्पर, साळूबाईंचा गुडघा, कानिफनाथच्या आईची दाढ, खर्ड्यातल्या पिठाच्या गिरणीचं जळकं पीठ. कानिफनाथ लाईट हातात घेतलेला माणूस होता आणि अशा माणसाशी लोक 'जरा वर', 'जरा खाली' एवढंच बोलतात. या दोघांना मात्र तो काय म्हणतो ते ऐकायचं असायचं. महिन्यातून एकदा खर्ड्याच्या ओसरीवरून कुणीतरी 'कानिफ' म्हणायचं, आणि पुढचा महिनाभर त्याला तेवढं पुरायचं.

कॅसेट आली की तो आधी खर्ड्याचाच भाग लावायचा. आता त्यानं ती पार मागं घेतली आणि सुरुवातीचा आपलाच भाग लावला. तो त्यानं अजून पाहिलेलाच नव्हता. शूटिंग केलं तेव्हा मालकाला कॅमेरा लगेच परत हवा होता, आणि कॅसेट थेट एसटीत चढली होती.

या भागाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, जी कानिफनाथनं कुणालाही सांगितली नव्हती. यंदा त्यांच्या गावच्या, म्हणजे खडकवस्तीच्या, जत्रेत दारूकाम झालंच नाही. पंचमंडळींनी ठरवलं की यंदा कुस्त्या मोठ्या करू. कॅसेट दारात आलेली आणि पाठवायला काही नाही. चार वर्षांत रिकामी कॅसेट कुणी पुढं धाडली नव्हती. मग कानिफनाथनं घरामागं वाळू पसरली. गणपतीच्या सजावटीतलं थर्माकोलचं देऊळ माळ्यावर होतं, ते मधोमध ठेवलं. भोवती ज्वारीच्या धाटांची झाडं लावली. सुरसुरीचे तुकडे करून त्यांचे खांब केले, सगळ्यात लहान भुईनळे आणले, चक्रं खडूच्या डबीवर बसवली. दिवेलागणीला कॅमेरा जमिनीला टेकवला आणि तो पोटावर झोपला. काच वाळूच्या बरोबरीला आल्यावर त्या भुईनळ्यांचे कारंजे झाले आणि त्या वाळूचं मैदान झालं. मागून त्यानं आवाज भरला, 'आमच्या देवळाचा कळस पस्तीस फूट, त्यावरून अंदाज घ्या.' हे खरंच होतं. गावातल्या खऱ्या देवळाचा कळस पस्तीसच फूट होता. फक्त ते देऊळ चित्रात नव्हतं.

टीव्हीवर आता ते सगळं दिसत होतं. आणि मान्य करायला हवं, की दिसत होतं झकास. कारंजे उसळले. चक्रं फिरली. आणि अकराव्या मिनिटाला, धुरातून, देवळाच्या मागून, देवळापेक्षा उंच अशी एक कोंबडी बाहेर आली.

कानिफनाथचा चहा मांडीवर सांडला.

आईची तांबडी. तिचं खुराडं त्याच बाजूला होतं. ती रोजच्या वेळेला घरी निघाली होती. ठिणग्यांच्या लाल उजेडात तिनं दोन पावलं टाकली, थांबली, कळसाशेजारी काहीतरी टिपलं, मान तिरकी करून सबंध अहमदनगर जिल्ह्याकडं एका डोळ्यानं बघितलं आणि चौकटीबाहेर निघून गेली. शूटिंगच्या वेळी कानिफनाथचं सगळं लक्ष कुठली वात विझतेय यात होतं. त्याला ती दिसलीच नव्हती.

पुढं भीमराज आला. भिंतीला पाठ लावून, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात फूटपट्टी.

"जय भीम मंडळी. कानिफभाऊ, मी चित्र थांबवून टीव्हीच्या काचेवर पट्टी लावली. देऊळ चार इंच. कोंबडी पाच इंच. देवळाचा कळस पस्तीस फूट हे तुम्हीच सांगितलंत. म्हणजे कोंबडी झाली पावणेचव्वेचाळीस फूट. शेपटी धरली नाही, ती हलत होती." मग त्यानं पट्टी खाली ठेवली. "एवढं काम केलंत आणि त्याबद्दल चकार शब्द नाही. माझ्या छपराच्या गळतीवर मात्र दहा मिनिटं बोललात. माणसानं किती साधं असावं?"

त्याच्यामागं पुन्हा मिस्तरी. पुन्हा ओसरी, पुन्हा टॉवेल, पुन्हा 'बास केलं'. मघाशी कानिफनाथनं जिथं घाबरून कॅसेट मागं घेतली होती, ती जागा आली. पुतण्या चहा पिऊन परतला असावा, कारण चित्र हललं आणि मिस्तरींना आणखी बोलायचं आठवलं.

"आन ऐक. तुमच्या गावची जत्रा झाली तर झाली. ती कोंबडी कुटं तरी ठेवली असंलच की. इझलेली असली तरी चालंल. येत्या शनवारी येतोय. टेम्पो केलाय. गावातली मानसं बी येत्याली, सगळ्यांनी कॅसेट बगितलीया. भीमराजला निरोप धाडलाय. जेवनाचं काय करू नका, आमी भाकरी बांदून आनतो."

कानिफनाथनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. शनिवार होता. साडेतीन वाजले होते.

खडकवस्ती सहा किलोमीटर. ते अंतर त्यानं सायकलवर इतक्या वेगात कापलं की कॅनॉलच्या पुलावर एका कुत्र्यानं त्याच्यामागं धावायचा विचार केला आणि सोडून दिला.

आई, भामाबाई, अंगणात मिरच्या निवडत होती. कानिफनाथनं एका दमात सगळं सांगितलं. तिनं मिरच्या निवडत सगळं ऐकलं.

"म्हंजी आपल्या तांबडीला बगाय टेम्पो येतोय?"

"तांबडीला न्हाई आई. चव्वेचाळीस फुटीला."

"पावनेचव्वेचाळीस म्हन्लास ना मगाशी?"

"आई!"

"मग सांग की खरं."

"खरं सांगितलं तर कॅसेट बंद हुईल. मिस्तरी पुन्यांदा तोंड बगायचे न्हाईत माजं. त्यांनी साचे देऊन टाकले आई, माज्यापायी."

"कोंबडीपायी."

"कोंबडी मेली म्हनून सांगू का?"

"येवडी मोटी मेली, तर पुरली कुटं म्हनत्याल."

"इकली म्हनून सांगू."

"कुनाला?"

कानिफनाथनं विचार केला. पावणेचव्वेचाळीस फुटी कोंबडी विकत घेईल असं गिऱ्हाईक राहुरी तालुक्यात एकही त्याच्या डोळ्यांपुढं आलं नाही. साखर कारखान्याचा एक विचार मनात आला, पण तोही टिकला नाही.

तेवढ्यात रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला.

टेम्पोतून माणसं उतरली ती उतरतच राहिली. त्रेचाळीस होती. उतरलेला प्रत्येक जण आधी घरांच्या वर, आभाळाकडं बघायचा. टेम्पोचा ड्रायव्हर गोरक्ष तर टपावरच चढला.

"तुरा बी दिसंना कुटं," तो म्हणाला. "निजली असंल."

मग मिस्तरी उतरले. टीव्हीत मिस्तरी छातीपर्यंतच असायचे. बाकीचे मिस्तरी कानिफनाथनं आज पहिल्यांदा पाहिले. साळूबाई त्यांच्या खांद्याचा आधार घेऊन उतरल्या आणि थेट भामाबाईंकडं गेल्या. "काय वो बाई, दाढ काडली का?"

"काडली. तुमचा गुडघा?"

"ह्यो बगा," म्हणत साळूबाई ओट्यावर बसल्या, आणि त्या दोघींचं चार वर्षांचं ओळखीचं बोलणं कुठंही न अडखळता पुढं सुरू झालं.

पुरुषांचं तसं झालं नाही. भीमराजही नगरच्या एसटीनं येऊन पोचला होता. तिघे समोरासमोर उभे राहिले आणि बोलायचं कसं ते कुणालाच कळेना. मिस्तरी कानिफनाथच्या डाव्या कानाच्या जरा वर बघत बोलत होते, कारण ओसरीवर कॅमेरा तिथंच असायचा. त्यांनी प्रवासाची सगळी हकीकत सांगितली. मग भीमराजनं खाकरून "जय भीम मंडळी" म्हटलं आणि आपली सांगितली. मध्ये बोलायची कुणाला सवयच नव्हती. प्रत्येक जण दुसऱ्याचं बोलणं पूर्ण संपायची वाट बघायचा, आणि संपल्यावरही आणखी थोडा वेळ, न जाणो पुढं आणखी भरलेलं असेल.

"बरं," मिस्तरी शेवटी म्हणाले, "दाखव."

"काका, चहा घेता का आधी?"

"चहा मागनं. दाखव."

"काका, ती कोंबडी…" कानिफनाथ म्हणाला.

मिस्तरींना वाटलं, पोरगं आपली विद्या द्यायला कचरतंय. साहजिकच होतं. त्यांनी सदऱ्याच्या आतून शाळेची एक दोनशे पानी वही काढली.

"घाबरू नगंस. तुजं गुपित मला नको. म्या आपलं माजं माजं डोकं चालवून बगितलं," ते म्हणाले. "कोंबडी चालवायचे अकरा उपाय लिवलेत. एकात चाकं हायेत. एकात दोर हाय, वडायचा. ह्यात पायाच्या आत चार-चार मानसं हायेत. तू निस्तं बोट ठिव, ह्यातला कंचा बरुबर हाय ते. मंग मी शांत झोपीन."

कानिफनाथनं वही उघडली. ज्या माणसानं लिहायच्या कंटाळ्यानं साध्या कार्डाला कॅसेटनं उत्तर दिलं होतं, त्या माणसानं एकशे ऐंशी पानं भरली होती. प्रत्येक पानावर कोंबडी होती. सुरुवातीच्या कोंबड्या जरा बदकासारख्या होत्या. पुढं पुढं हात बसला होता. सातव्या उपायात कोंबडीच्या मानेत एक स्प्रिंग होती आणि खाली लिहिलं होतं, 'हे होईल का? कानिफला विचारणे.'

कानिफनाथला हॅलोजनसमोर उभं राहिल्यावर माणसाला कसं वाटत असेल ते त्या क्षणी कळलं.

"काका, ह्यातला एक बी न्हाई," तो म्हणाला. "कोंबडी खरीच हाय."

"खरी म्हंजी?"

"म्हंजी अंडी देती."

कानिफनाथनं मग सगळं सांगितलं. कुस्त्या, रिकामी कॅसेट, वाळू, थर्माकोल. कुणी मध्ये बोललं नाही, त्यामुळं त्याला सगळंच सांगावं लागलं, खडूच्या डबीसकट. शेवटी तो म्हणाला, "रिकामी कॅसेट धाडली असती तर तुमी म्हनला असता, ह्याच्याकडं काय न्हाई. मला तेवडंच हाय, काका. दुसरं न्हाई काय."

पहिला बोलला तो टपावरचा गोरक्ष. "म्हंजी आमी सवाशे किलोमीटर कोंबडी बगाय आलो व्हय? आरं, कोंबड्या खर्ड्यात बी हायेत की!"

टेम्पोतली माणसं गलका करू लागली. एक म्हातारा म्हणाला, त्यानं यासाठी मुलीकडं जायचं रद्द केलं. दुसऱ्यानं सांगितलं, त्यानं जत्रेतल्या पाहुण्यांना कोंबडीबद्दल शब्द दिलाय. भीमराज सरळ घरामागं गेला, माळ्यावरून खाली आलेल्या त्या देवळाला पट्टी लावली, मग कोपऱ्यात उकिरडा उकरणाऱ्या तांबडीजवळ हळूच बसला आणि तिलाही लावली. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उजळलेला होता.

"देऊळ चौदा इंच. कोंबडी साडेसतरा इंच," तो म्हणाला. "माझं प्रमाण बरोबर होतं."

मिस्तरी मात्र वही मिटून उभे होते. कानिफनाथच्या कानाच्या वर बघत नव्हते, सरळ त्याच्या डोळ्यांत बघत होते, आणि ते जास्त वाईट होतं.

"फसीवलंस मला," ते म्हणाले. "पंधरा दिस डोळ्याला डोळा न्हाई."

"चुकलं काका."

"चुकलंच. हाय का शिल्लक काय? नळे, चक्रं?"

"हायेत थोडे."

"मांड. जसं मांडलं हुतंस, तसंच."

दिवस कलला होता. कानिफनाथच्या हातांना काम माहीत होतं. वाळू, देऊळ, धाटांची झाडं, सुरसुऱ्यांचे खांब. मिस्तरी वरून बघत होते. एकदा त्यांनी वाकून एक चक्र बोटभर डावीकडं सरकवलं. दुसऱ्यांदा एक वात काढून निम्मी केली आणि परत लावली.

"वरून काय बी दिसत न्हाई," गोरक्ष म्हणाला. "पोराठोरांचा खेळ दिसतोय."

"मंग वर कशाला हुबा हायेस?" मिस्तरी म्हणाले, टॉवेल सोडून त्यांनी जमिनीवर अंथरला, आणि साठीच्या पुढचा तो माणूस सगळ्यांदेखत पोटावर आडवा झाला. हनुवटी वाळूला टेकवली. "लाव."

भीमराज इस्त्रीच्या शर्टासकट त्यांच्या शेजारी आडवा झाला. मग म्हातारा. मग एकेक करत सगळेच. साळूबाईंना गुडघ्यामुळं वाकता येईना, तर भामाबाईंनी त्यांना कुशीवर झोपवून डोक्याखाली मिरच्यांचं पोतं दिलं. शेवटी गोरक्षही टपावरून उतरला आणि कुरकुरत रांगेच्या टोकाला लांब झाला. कुणी शेजारी कुंपणावरून डोकावला असता, तर त्याला दिसलं असतं की खडकवस्तीत दोन गावांची माणसं एका थर्माकोलच्या देवळाला साष्टांग दंडवत घालताहेत.

कानिफनाथनं उदबत्ती लावली.

पहिला भुईनळा उसळला आणि रांगेतून एकाच वेळी "आयायायाया!" असा आवाज आला. तो नळा आता वीतभर नव्हता. त्यानं आभाळ अर्धं व्यापलं. ठिणग्या धाटांच्या झाडांवर कोसळल्या, जंगल लाल झालं, कळसाची सावली मैदानावरून पळत गेली. चक्रं सुटली. मिस्तरींनी सरकवलेलं चक्र बरोबर देवळाच्या दाराला लागून फिरलं आणि आत खोलवर उजेड पडला, जणू गाभाऱ्यात कुणी उठून बसलं. निम्म्या केलेल्या वातीमुळं दोन नळे एकदम उडाले. गोरक्षनं शेजारच्या म्हाताऱ्याचा हात पकडला. "बग, बग, बग!" तो ओरडला, जसा काही म्हातारा दुसरीकडं बघत होता.

"माघारी सरका!" कुणीतरी किंचाळलं. "अंगावर येतंय!" आणि अख्खी रांग हातभर मागं सरपटली.

मग धूर दाटला. आणि दिवेलागणीची वेळ झाली.

देवळाच्या मागून ती आली. आधी तुरा, मग डोळा, मग छाती. तिनं पाय उचलला, बोटं मिटली, पाय हवेत थांबला, बोटं उघडली, आणि पाय जमिनीवर आला तेव्हा त्रेचाळीस माणसांनी तो पोटात जाणवल्याची शपथ नंतर घेतली. पिसं आगीच्या रंगाची होती. साळूबाईंनी झोपल्या झोपल्या हात जोडले. तांबडीनं कळसाशेजारचं काहीतरी टिपलं, मान तिरकी केली आणि जमिनीवर ओळीनं मांडलेल्या डोक्यांकडं एका डोळ्यानं पाहिलं. अशी दृश्यं तिच्या वाट्याला रोज येत असावीत, कारण ती काही न म्हणता खुराड्याकडं निघाली.

मिस्तरी बोलले, हनुवटी वाळूतच ठेवून.

"कानिफ."

"व्हय काका."

"म्हंजी दारूकामात चालती कोंबडी तू केलेली न्हाईस."

"न्हाई काका."

"भीमराज, तुमच्याकडं कुनी?"

"नाही. मी तेहतीस गावांची आतषबाजी पाहिलीय. मोर आहेत, हत्ती आहेत. कोंबडी नाही."

"पुन्याला?"

"ऐकण्यात नाही."

"म्हंजी अजून कुनीच केली न्हाई?"

"कुनीच न्हाई," कानिफनाथ म्हणाला.

मिस्तरी गुडघ्यांवर उठले. कपाळाला वाळू, मिशीला राख. पंधरा दिवस ज्या माणसाला वाटत होतं की त्याला कुणीतरी हरवून पुढं निघून गेलंय, त्याला आत्ताच कळलं होतं की पुढचं सगळं मैदान मोकळं आहे.

"गोरक्ष! गावात पोचलास की पैलं सहादेवच्या घरी जा. साचे माघारी आन. म्हनावं छगननं इचारलं न्हाई, सांगितलंय. आन पंचांना निरोप दे, जत्रंचं काम माजंच हाय. भीमराज, तुमची पट्टी घ्या. मांडीपासून घोट्यापत्तुर मोजा, मग घोट्यापासून बोटापत्तुर. कानिफ, हिकडं ये. वही धर. पेन्सल हाय का?"

"काका, मी… म्हंजी कॅसेट…"

"कॅसेट कसली? तू खर्ड्याला यायचं आता, म्हयनाभर. मला कोंबडी बांदाय मानूस लागंल. तुला कुनी सांगितलं धाटं तिरकी लावाय? बरुबर लावलीस. आता ध्यान दे. चालताना हिची मान आदी जाती का पाय?"

कानिफनाथनं आयुष्यभर कोंबड्या पाहिल्या होत्या. त्याला सांगता येईना. मिस्तरींनी रांगेकडं बघितलं. खर्ड्याहून आलेल्या सगळ्यांच्या घरी कोंबड्या होत्या. निम्मे म्हणाले मान, निम्मे म्हणाले पाय, म्हातारा म्हणाला दोन्ही एकदम, आणि भामाबाई म्हणाल्या, "माज्या कोंबडीला आता झोपू द्या."

पण उशीर झाला होता. मिस्तरी हातापायांवर तांबडीमागं निघाले होते. तांबडीनं मागं वळून पाहिलं आणि पहिल्यांदाच तिला काहीतरी विचित्र वाटलं. तिनं पाऊल वाढवलं. मिस्तरींनीही वाढवलं. भीमराज पट्टी घेऊन बाजूनं, कानिफनाथ वही घेऊन मागून, आणि त्याच्यामागं वाळूनं माखलेले त्रेचाळीस जण, प्रत्येकाला आपलंच बरोबर ठरवायचं होतं.

तांबडी कुंपणाला पोचली, पंख झाडले आणि पलीकडं शेजाऱ्यानं गुरांसाठी लावलेल्या घासात उतरली. मिस्तरीही उतरले. काही क्षण घास नुसता हलत राहिला.

"मान!" आतून मिस्तरींचा आवाज आला. "मान आदी! लिवून घे, कानिफ! आदी मान, मग पाय, आन मान जागच्या जागी ऱ्हाती, आंग मागनं येतं! लिवलंस का?"

"लिवतोय काका!"

"पळ की मग हिकडं! आता ती वळायला लागलीया!"